दाताचा फोटो फेकू नका, त्यात हाडाची नोंद असते



रविवारची वंदना आटोपली की आम्ही आरोग्य पानाचे लोक विहाराच्या ओट्यावर थोडा वेळ बसतो. कुणी बीपीच्या गोळ्या दाखवते, कुणी रक्ताचा रिपोर्ट. मागच्या पावसाळ्यात एक आजी आल्या. डावा हात प्लास्टरमध्ये होता. अंगणात पाय घसरला, हात टेकला आणि मनगट मोडले. उंचावरून पडल्या नव्हत्या, गाडीने उडवले नव्हते. किराण्याच्या पिशवीत दवाखान्याचे सगळे कागद कोंबून आणले होते आणि त्यात चार घड्या पडलेला जबड्याचा एक मोठा एक्स-रे होता.

"हा कायचा फोटो व्हय आजी?"

"दाताचा हाय बाप्पा. कवळी बसवाले गेलती, दोन वर्सं झाले. डाक्टरनं फोटो काढला, दात काढले, कवळी देल्ली. फोटोचं काई सांगतलं नाई."

तो फोटो आम्ही ओळखीच्या एका दंतवैद्यांना दाखवला. त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरला, खालच्या जबड्याच्या काठावरून बोट फिरवले आणि म्हणाले, "हा काठ फार पातळ आहे, आतल्या बाजूने कुरतडल्यासारखा दिसतो. दोन वर्षांपूर्वीच यांना हाडांच्या तपासणीला पाठवायला पाहिजे होते."

तेव्हा पाठवले असते तर मनगट वाचलेच असते, असा दावा आम्ही करत नाही. पण दोन वर्षे हातात होती, आणि ती एका घडी घातलेल्या फोटोत पडून राहिली.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. दातासाठी काढलेल्या एक्स-रेमध्ये जबड्याचे हाडही दिसते. पैसे आपण दिलेले असतात, किरणे आपल्या अंगावर घेतलेली असतात. मग त्या फोटोतले अर्धे वाचायचे आणि अर्धे सोडून द्यायचे हे बरोबर नाही. दातांबरोबर हाडाविषयीही दोन ओळी लिहून मिळाल्या पाहिजेत, आणि त्या मागायची सवय आपल्या घरांना लागली पाहिजे.

फोटोत काय दिसते?

जर्मनीत रॉन्टगेन यांनी क्ष-किरण शोधले ते १८९५ च्या नोव्हेंबरात. दोन-तीन महिन्यांतच, १८९६ च्या जानेवारीत, वाल्कहॉफ नावाच्या जर्मन दंतवैद्याने स्वतःच्या दातांचा फोटो काढला. त्यासाठी त्याला २५ मिनिटे किरणांसमोर राहावे लागले. आज तेच काम डोळ्याची पापणी लवते न लवते तोच होते.

दाताचे फोटो मुख्यतः दोन तऱ्हेचे. लहान फोटोसाठी तोंडात छोटी पट्टी धरायला लावतात. त्यात दोन-तीन दात, त्यांची मुळे आणि आजूबाजूचे थोडे हाड दिसते. मोठ्या फोटोला दवाखान्यात ओपीजी म्हणतात. हनुवटी टेकवून उभे राहायचे, यंत्र डोक्याभोवती फिरते आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत दोन्ही जबडे एकाच चित्रात येतात. तिसरा प्रकार सीबीसीटीचा. त्यात हाडाची लांबी, उंची आणि जाडी तिन्ही कळतात, पण तो महाग असतो, किरणेही जास्त लागतात आणि प्रत्येकाला त्याची गरज नसते.

हाड जितके दाट तितके फोटोत पांढरे दिसते, जितके विरळ तितके काळपट. जबड्याचे हाड कसे असते हे समजायला आपल्याकडचे जुने कुडाचे घर आठवा. आत तुराट्या किंवा पऱ्हाट्या बांधलेल्या, वरून मातीचा लेप. हाडालाही बाहेरून घट्ट लेप असतो आणि आत बारीक काड्यांची जाळी. जाळीच्या फटींत मगज असतो, तिथे रक्त तयार होते. लेप पातळ झाला आणि काड्या विरळ झाल्या तरी भिंत उभी दिसते, पण धक्का लागला की कोसळते. हाडाचेही तसेच आहे. दुखत नाही, सुजत नाही, म्हणून मोडेपर्यंत कळत नाही.

दंतवैद्य काय मोजू शकतो?

खालच्या जबड्यात, दाढांच्या पुढच्या लहान दातांखाली, दोन्ही बाजूंना एकेक छिद्र असते. ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस तिथून बाहेर येते. फोटोत ते काळ्या ठिपक्यासारखे दिसते. त्या ठिपक्याच्या सरळ खाली जबड्याच्या काठाचा घट्ट लेप किती जाड आहे, हे मोजता येते. युरोपातील पाच केंद्रांनी ४५ ते ७० वर्षांच्या साडेसहाशेहून अधिक स्त्रियांचे असे फोटो आणि त्यांच्या हाडांच्या तपासण्या ताडून पाहिल्या. त्या अभ्यासातून पुढे आलेले माप असे, की या जागी लेप ३ मिलिमीटरपेक्षा पातळ असेल तर त्या बाईची हाडे ठिसूळ आहेत का, याची पुढची तपासणी करावी.

दुसरी पद्धत मोजपट्टीशिवायची आहे. फिनलंडच्या क्लेमेट्टी आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये ती मांडली. लेपाची आतली कड गुळगुळीत असेल तर पहिली पायरी. कडेला अर्धचंद्रासारखे खळगे दिसू लागले, एक-दोन थर सुटल्यासारखे वाटले, तर दुसरी. लेप साफ विरविरीत झाला, भोके भोके दिसू लागली, तर तिसरी. आजींचा फोटो या तिसऱ्या पायरीचा होता.

तिसरी गोष्ट म्हणजे दातांच्या मुळांमधली जाळी. ती दाट आहे, मध्यम आहे की मोठमोठ्या काळ्या फटींची आहे, हे लहान फोटोतही दिसते. आणि चौथी, दाताभोवतीच्या हाडाची उंची. पायोरियात हे हाड झिजत जाते आणि दात हलू लागतात. मधुमेह असेल तर हे काम झपाट्याने होते.

आता मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. साध्या एक्स-रेवर हाड विरळ दिसायला लागते तेव्हा त्यातला साधारण तिसरा हिस्सा चुना आधीच गेलेला असतो. म्हणजे फोटो चांगला दिसला म्हणून हाड चांगलेच, असे नाही. ओपीजी यंत्र चित्र मोठे करून दाखवते आणि प्रत्येक यंत्राचे प्रमाण वेगळे असते, म्हणून मिलिमीटरचा आकडा तोलूनमापून घ्यावा लागतो. मान वाकडी राहिली, फोटो जास्त काळा किंवा जास्त पांढरा निघाला, तरी चूक होते. दाताच्या फोटोवरून संशय घेता येतो, निदान करता येत नाही. हाडांच्या घनतेची खरी तपासणी डेक्सा नावाच्या यंत्रावर होते. बाजारात किंवा शिबिरात टाच यंत्रात ठेवून जी 'हाडांची मोफत तपासणी' करतात, तीही इशाऱ्यापुरतीच समजावी.

म्हणून फक्त हाड पाहायला दाताचा फोटो काढू नका. ओपीजीमधून मिळणारी किरणे थोडी असतात, निसर्गातून काही दिवसांत जेवढी मिळतात साधारण तेवढी. तरी विनाकारण घेऊ नयेत, आणि गरोदर बाईने फोटोआधी तसे सांगावे. पण दातासाठी काढलेला फोटो हातात आहेच, तर तो पूर्ण वाचायला नवे किरण लागत नाहीत, नवे पैसे लागत नाहीत.

सिकलसेलच्या घरांनी हे जरूर वाचावे

हाडाची ही गोष्ट फक्त म्हाताऱ्या बायकांची असती, तर आम्ही कदाचित एवढे लिहिले नसते. आपल्या विदर्भात ती तरुण पोरांचीही आहे.

सिकलसेलची भारतातली पहिली नोंद १९५२ ची, निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींमधली. १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात लिहिले. तेव्हापासून हे माहीत आहे, की आदिवासी समाजाबरोबर आपल्या समाजातही हा आजार आहे. तो कुणाच्या जातीचा दोष नाही, पूर्वजन्माचे फळ तर मुळीच नाही. जिथे पिढ्यान्‌पिढ्या हिवताप होता तिथे सिकलसेलच्या वाहकांना त्या तापापासून थोडे संरक्षण मिळाले, म्हणून तो गुण रक्तात टिकला. एवढेच त्याचे शास्त्र आहे.

या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि लवकर मरतात. शरीराला रक्त पुन्हापुन्हा तयार करावे लागते. मग हाडातला मगज पसरतो, जाळीतल्या काड्या पातळ होतात, फटी मोठ्या होतात. खालच्या दाढांच्या मुळांमध्ये उरलेल्या काड्या आडव्या एकावर एक दिसतात, अगदी शिडीच्या पायऱ्यांसारख्या. दातांच्या फोटोतले हे चित्र दंतवैद्यकाच्या पुस्तकांत दिलेले असते. ते दिसले म्हणजे सिकलसेल आहेच असे नव्हे, निरोगी माणसातही कधी अशी रचना आढळते. पण आपल्या भागातल्या, फिकट चेहऱ्याच्या, सांधे दुखणाऱ्या पोराच्या फोटोत ती दिसली, तर रक्ताची तपासणी करून घ्यायला सांगणे हे डॉक्टरचे काम आहे.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. वाकड्या पेशींनी जबड्यातली बारीक रक्तवाहिनी तुंबली की हाडाचा तो भाग रक्ताविना तडफडतो. दुखणे दाढदुखीसारखेच असते. कधी खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होते. दात मात्र चांगला असतो, त्याला कीड नसते.

आमच्यातल्या एकाच्या घरचाच अनुभव आहे. एकोणीस वर्षांचा भाचा, लहानपणापासून सिकलसेलचा रुग्ण. रात्रभर जबडा दुखला म्हणून सकाळी घरच्यांनी एका दवाखान्यात नेले. आजाराबद्दल कुणी विचारले नाही, घरच्यांनीही सांगितले नाही, कारण दाताचा आणि रक्ताचा काय संबंध, असे त्यांना वाटले. फोटो काढला आणि दाढ उपटली. दुखणे तसेच राहिले. आठ दिवसांनी शेजारची दाढ उपटली. ओठ बधिर झाल्यावर मोठ्या दवाखान्यात नेले, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी आधीचे दोन्ही फोटो मागून घेतले. दोन्ही दाढा निरोगी होत्या. फोटोतली जाळी मात्र मोठ्या फटींची होती, आणि ती पहिल्या दिवसापासून तशीच दिसत होती. पोराला सलाईन आणि औषधाने आराम पडला. दाढा परत आल्या नाहीत.

दोष एकट्या डॉक्टरचा म्हणून आम्ही मोकळे होत नाही. आपण लपवतो, हेही खरे आहे. मुलीचे लग्न अडेल, लोक नावे ठेवतील, म्हणून सिकलसेलचा कागद पेटीच्या तळाशी जातो. दंतवैद्याकडे जाताना तो कागद वर काढा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला आहे. १ जुलै २०२३ पासून देशात सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू आहे आणि सरकारी आरोग्य केंद्रांत त्याची रक्ततपासणी होते. लपवण्यात आता काहीच फायदा नाही. दात काढण्याआधी पाणी भरपूर प्यालेले असणे, जंतुसंसर्ग होऊ न देणे, रक्ताचे प्रमाण पाहणे, हे सगळे अशा रुग्णात सांभाळावे लागते. ते डॉक्टरला कळलेच नाही तर तो सांभाळणार कसा?

आणखी कुणाचा फोटो नीट वाचला पाहिजे?

पाळी गेलेल्या बायकांचा. पाळी थांबली की हाडातला चुना वेगाने कमी होतो. ज्यांची गर्भपिशवी अंडाशयासह लवकर काढली, त्यांच्यात हे आणखी आधी सुरू होते. कापूस वेचणाऱ्या, विटा वाहणाऱ्या, चार घरची भांडी घासणाऱ्या आपल्या बायका म्हणतात, "कामानं आंग दुखते." काही वेळा ते खरेही असते. पण उंची कमी होत असेल, पाठीला बाक येत असेल, किंवा साध्या पडण्याने हाड मोडले असेल, तर ते कामाचे दुखणे समजून सोडू नये.

खर्रा खाणाऱ्यांचा. २०१६-१७ च्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी २४.४ टक्के, म्हणजे जवळपास चौघांत एक, धूर न करणारा तंबाखू खाणारे निघाले. गुटख्यावर २०१२ मध्ये राज्यात बंदी आली, पण सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा आपल्या चौकाचौकात आहे. सुपारीने गालाची आतली कातडी ताठर होते, तोंड उघडेनासे होते. दोन बोटेही आत जात नाहीत, तिथे लहान फोटोची पट्टी कुठे जाणार? अशांचा ओपीजी काढावा लागतो. त्या फोटोत हाड खाल्ल्यासारखे दिसले तर कर्करोग आधीच हाडापर्यंत पोहोचला असण्याची भीती असते. पण फोटो चांगला आला म्हणून बिनधास्त होऊ नका. कर्करोग आधी कातडीत होतो आणि कातडी एक्स-रेत दिसत नाही. दोन-तीन आठवड्यांत न भरणारा छाला, पांढरा-लाल चट्टा किंवा गाठ असेल तर तुकडा काढून तपासणे हाच मार्ग आहे.

मूत्रपिंडाच्या रुग्णांचा. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर या खारपाणपट्ट्यातली माणसे किडनीच्या तक्रारी वर्षानुवर्षे सांगत आली आहेत. किडनी फार काळ बिघडलेली असली की शरीर हाडातून चुना ओढून घेते. दाताच्या मुळाभोवती जी बारीक पांढरी रेघ असते, ती फोटोतून पुसट होत जाते. डायलिसिसवर असलेल्या माणसाने दंतवैद्याला हे आधी सांगावे.

आणि हाडे बळकट करण्याचे इंजेक्शन किंवा गोळ्या घेणाऱ्यांचा, तसेच तोंडा-गळ्याला किरणोपचार झालेल्यांचा. या औषधांवर असताना दात काढला तर क्वचित जखम भरत नाही आणि हाड उघडे पडते. २००३ पासून हे डॉक्टरांना माहीत आहे. ठिसूळ हाडांच्या साध्या उपचारात हा धोका अगदी कमी असतो, कर्करोगासाठी दिलेल्या मोठ्या मात्रेत जास्त. औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका. पण दात काढण्याआधी औषधाचा कागद दाखवा आणि फोटो नीट पाहून घ्यायला सांगा.

'तुमचे हाड कमजोर आहे' म्हटले की घाबरू नका

आता दुसरी बाजू. कुठे हाडाबद्दल एक शब्द बोलत नाहीत, तर कुठे हाडाची भीतीच विकतात. स्क्रूचे दात, म्हणजे इम्प्लांट, बसवायला गेलेल्या माणसाला फोटो दाखवून सांगतात, की हाड नरम आहे, हाड भरावे लागेल, एवढे हजार वाढतील, हप्ते पाडून देतो. बचत गटाचे पैसे यात गेलेले आम्ही पाहिले आहेत.

हाड भरणे काही वेळा खरेच लागते. पण काही गोष्टी आपल्याला माहीत असाव्यात. लेखोल्म आणि झार्ब या तज्ज्ञांनी १९८५ मध्ये जबड्याच्या हाडाचे चार वर्ग केले. पहिल्यात जवळजवळ सगळेच घट्ट हाड, दुसऱ्यात जाड लेप आणि दाट जाळी, तिसऱ्यात पातळ लेप पण दाट जाळी, चौथ्यात पातळ लेप आणि विरळ जाळी. निरोगी माणसाच्याही तोंडात खालच्या जबड्याचा पुढचा भाग सहसा घट्ट असतो आणि वरच्या जबड्याचा मागचा भाग मऊ. म्हणून 'वरच्या दाढेच्या जागी हाड नरम आहे' हे वाक्य ऐकून आपल्याला आजार आहे असे समजू नका. दात काढल्यावर त्या जागेचे हाड काही महिन्यांत खाली बसते, हाही निसर्ग आहे. आणि ओपीजीत हाडाची उंची कळते, पुढून-मागून जाडी कळत नाही. फक्त त्या एका फोटोवर कुणी हाड भरायचा निर्णय देत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यावे. चांगली बसलेली कवळी ही काही कमीपणाची गोष्ट नाही.

बुद्धांनी कालामांना हेच सांगितले, की कुणी सांगितले म्हणून, मोठ्या माणसाने सांगितले म्हणून खरे मानू नका, पडताळून पाहा. दवाखान्यातही ते लागू आहे, आणि या पानालाही.

यावर आक्षेप येतील

काही डॉक्टर मित्र म्हणाले, "ओपीडीत दिवसाला शंभर माणसे असतात, प्रत्येकाच्या हाडावर कधी लिहायचे?" त्यांची अडचण खरी आहे. पण आम्ही निबंध मागत नाही. 'जबड्याचा काठ ठीक' किंवा 'काठ पातळ, हाडांची तपासणी करावी', एवढे केसपेपरवर लिहायला अर्धा मिनिट लागतो. पन्नाशीपुढची बाई, सिकलसेल, किडनी आणि खर्रा, एवढ्या चौघांपुरते जरी सुरू झाले तरी चालेल.

दुसरे म्हणाले, "उगाच लोक घाबरतील. काहींचा संशय खोटा निघेल." तोही मुद्दा बरोबर. म्हणूनच 'संशय' आणि 'निदान' यातला फरक आम्ही वर मांडला. माहिती दिल्याने माणूस घाबरतो, म्हणून माहितीच द्यायची नाही, हा न्याय आपल्या समाजाने फार सोसला आहे. नीट समजावून सांगितले तर आपली माणसे समजून घेतात.

तिसरे म्हणाले, "आता संगणकच काठ मोजून सांगेल." तशी साधने निघत आहेत, स्वागत आहे. पण ती कुणाच्या फोटोंवर शिकवली, हे विचारले पाहिजे. परदेशातल्या बायकांच्या जबड्यावर ठरवलेले ३ मिलिमीटरचे माप अकोल्यातल्या मजूर बाईला किंवा सिकलसेलच्या पोराला जसेच्या तसे लागू पडते का, हे इथे तपासले गेले पाहिजे. नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, अमरावती-अकोल्यातही दंत महाविद्यालये आहेत. त्यांनी आपल्या भागातल्या माणसांचे फोटो घेऊन हे काम करावे, ही आमची जाहीर मागणी आहे.

आपण काय करायचे?

फोटो मागून घ्या. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्ण हक्क सनदेत आपले कागद आणि तपासणीचे अहवाल मिळण्याचा हक्क मांडला आहे. फोटो मोबाईलवर पाठवला असेल तर तो घरातल्या दोघांच्या मोबाईलवर ठेवा. फिल्म असेल तर घडी घालू नका, उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका. पाकिटावर नाव, वय आणि तारीख लिहा. दोन वर्षांनी दुसरा फोटो निघाला की पहिल्याशेजारी ठेवून फरक पाहता येतो. जुना फोटो फेकला की तो फरकच जातो.

डॉक्टरांना चार प्रश्न विचारा. जबड्याच्या खालच्या काठाचा लेप ठीक आहे का? दातांमधली जाळी विरळ वाटते का? माझ्या आजाराचा किंवा औषधाचा या दाताच्या कामावर परिणाम होईल का? पुढची तपासणी कुठे करायची? उत्तर कागदावर लिहून मागा, नम्रपणे मागा, पण मागा.

खर्चाचेही विचारा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत केले आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांचे नियम वेगळे असतात, म्हणून केसपेपर काढतानाच चौकशी करा.

आणि हाडांना रोजचे खाणे द्या. तीळ, शेवग्याचा पाला, दही-ताक, काट्यासकट खाल्लेले बारीक मासे, सकाळचे थोडे ऊन, चालणे. खर्रा सुटला तर हाड, हिरडी आणि खिसा तिन्ही वाचतात.

त्या आजींची पुढे तपासणी झाली, औषध सुरू झाले. तो घड्या पडलेला फोटो त्यांच्या नातीने पुठ्ठ्याखाली दाबून सरळ केला आणि आता तो कपाटात उभा ठेवलेला असतो.

फ्रेजरपुऱ्यात असो की अकोल्याच्या कृषीनगरात, आपल्या प्रत्येक घरात असा एखादा फोटो पेटीत, गादीखाली किंवा दाराच्या मागे अडकवलेल्या पिशवीत असेलच. पुढच्या रविवारी विहारात येताना तो घेऊन या. आम्ही डॉक्टर नाही, आम्ही तो वाचणार नाही. पाकिटावर नाव-तारीख घालू, आजार आणि औषधांची चिठ्ठी सोबत जोडू, आणि पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर काय विचारायचे ते तुमच्याबरोबर बसून लिहून काढू.

जय भीम. नमो बुद्धाय.